घरचं वाय-फाय मध्येच तुटतं तेव्हा : अनुभव धागा

उंबरठा (धागाकर्ती)
बाहेरून येणारी लाइन आणि घरातलं वाय-फाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "नेट गेलं" म्हणताना आपण त्या एकत्र करतो आणि चुकीच्या जागी पैसे घालतो. लाइन खराब असताना नवा राउटर घरात येतो, नाहीतर राउटर लोखंडी कपाटामागे ठेवून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला जातो. म्हणून हा धागा. लक्षण काय, काय तपासायचं, कशाने सुटतं, हे आकड्यांसकट लिहा. "बंद करून चालू करा" सगळ्यांना माहीत आहे, त्यापुढचं हवं.

पहिली तपासणी मी देते. लॅपटॉप वाय-फायवर ठेवा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) द्या. 'डीफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा म्हणजे तुमचा राउटर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. आता दोन खिडक्यांत सतत पिंग लावा, एकीत राउटरला, दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता). विंडोजमध्ये शेवटी '-टी' (-t) लावलं की पिंग थांबत नाही. त्रास सुरू असतानाच दोन्हींकडे बघा.

राउटरचाच पिंग २००-३०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा. कंपनीचा माणूस येऊन काही करणार नाही. राउटर २ ते ५ मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गळतंय, तर दोष लाइनमध्ये किंवा तिच्या पुढे. दोन्ही ठीक आणि तरी साइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये १.१.१.१ घालून बघा. एखाददुसरा पिंग उडाला तर घाबरू नका, पिंगला उत्तर देणं राउटर दुय्यम काम मानतो.

तांबडा दिवा
फायबर असेल तर पिंगच्याही आधी दिवे बघा. 'पॉन' (PON, फायबर जोडणीचा दिवा) हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' (LOS, सिग्नल गेल्याचा दिवा) लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच पोचत नाही, तिथे सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

दिवे ठीक आहेत पण लाइन दिवसभर येते-जाते, असं असेल तर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये 'डीफॉल्ट गेटवे'चा आकडा टाकला की उघडतं ते) 'आरएक्स पॉवर' शोधा, म्हणजे आत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात, उण्यातला आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये लाइन निवांत चालते. उणे २७ च्या आसपास गेली की कधीही तुटेल. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवलं की आकडा वाचता येतो.

घट बऱ्याचदा घरातच होते. वायर दाराच्या फटीत चेपते, खिळ्याच्या क्लिपखाली आवळली जाते, टीव्हीमागे घट्ट गुंडाळली जाते. वेटोळ्याचा व्यास ६-७ सेंमीपेक्षा कमी नको. दुसरं, वायरीच्या टोकाचा (कनेक्टरचा) रंग. हिरवं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळं सरळ. एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि तिथे प्रकाश सांडतो. हिरव्याला हिरवंच. टोक पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद. शर्टाला घासू नका. आणि टोकात डोकावून पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

बारा व्होल्ट
राउटरचं पान उघडलंच आहे तर 'अपटाइम' बघा, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. हा आकडा फार बोलका आहे. नेट तुटल्यावर अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटर स्वतःच रीस्टार्ट झाला, म्हणजे वीज किंवा उष्णता. अपटाइम चालूच आहे आणि फक्त 'वॅन' (बाहेरची जोडणी) तुटलंय, तर लाइन.

वीज म्हणजे बहुतेक वेळा ॲडाप्टर. आतला कपॅसिटर म्हातारा झाला की मल्टिमीटरवर तो नुसता असताना १२ व्होल्ट दाखवतो आणि राउटरचा भार पडला की खाली बसतो. म्हणून नुसतं मोजून "ठीक आहे" म्हणू नका, दुसरा लावून बघा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधली पिन धन आहे का ते दोन्हीवरच्या खुणेवरून जुळवा. बाहेरून ५.५ मिमीची पिन सारखीच दिसते, पण आतलं भोक २.१ असतं किंवा २.५. सैल बसलेली पिनही अगदी हाच त्रास देते.

इन्व्हर्टरवर असाल आणि लाइट जाता-येता राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरचा 'यूपीएस मोड' चालू करा, त्यात अदलाबदल लवकर होते. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या.

पेठेतला
जुन्या पेठेत किंवा सोसायटीत मोबाइलवरच्या वाय-फाय ॲनालायझरमध्ये पंचवीस-तीस नावं सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारी ६ वर आहे म्हणून ८ घेणं सर्वांत वाईट. एकाच चॅनेलवर असाल तर दोन्ही राउटर एकमेकांचं ऐकून पाळी घेतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर दोघांनाही फक्त गोंगाट ऐकू येतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० वर वेग वाढल्यासारखा वाटतो आणि स्थिरता जाते.

वाय-फाय सिग्नलची ताकद उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ८० ला काड्या दिसतील पण काम होणार नाही. राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर. आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी आड येऊ देऊ नका.

रानवारा
माझ्याकडे ५ गिगाहर्ट्झचं नाव अचानक गायब होतं आणि मिनिटाभराने परत येतं. २.४ चालूच असतं. हे काय?

पेठेतला
@रानवारा, चॅनेल बघा, ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ मधला असणार. ते रडारबरोबर वाटून घ्यायचे चॅनेल आहेत. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरने ती जागा सोडायची आणि तसाच दुसरा चॅनेल घेताना आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, असा नियम आहे. 'ऑटो' काढा, ३६ किंवा १४९ पक्का करा.

जांभा
कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला ओलांडू देत नाहीत, ओल धरली की आणखी. इथे लोक शेवटच्या खोलीत रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे पाठवणारी डबी) लावतात. तिथे सिग्नल आधीच उणे ८० असतो, रिपीटर तोच मरतुकडा सिग्नल पुढे ढकलतो. लावायचाच तर मध्यावर, जिथे उणे ६० ते ६५ मिळतं तिथे. एकाच रेडिओचा रिपीटर वेग निम्मा करतो हेही धरून चाला.

त्यापेक्षा कॅट ६ (नेटवर्कची) वायर टाका आणि जुना राउटर पलीकडे लावा. आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर), मग त्यातलं डीएचसीपी (प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर त्याच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलं की काही मोबाइल जोडलेले दिसतात पण नेट नाही, आणि कोणते ते रोज बदलतं.

वायर शुद्ध तांब्याची घ्या, 'सीसीए' लिहिलेली नको, ते म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. टोकाला तारांचा क्रम : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वेग नेमका ९४-९५ एमबीपीएसवर अडकला तर प्लॅनला दोष देऊ नका. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. एक तार नीट बसली नाही की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. टोक कापून नवा प्लग क्रिंप करा (दाबून बसवा).

सांजवेळ
उंबरठा यांच्या चाचणीत एक भर. ८.८.८.८ चा पिंग वाढला की लगेच लाइनवर जाऊ नका. घरात कुणाच्या मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असतील तर अपलोड तुंबतं आणि सगळ्यांचे कॉल अडकतात. अपलोड थांबवून पिंग पुन्हा बघा. लगेच खाली आला तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (वेग वाटून देण्याच्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

तांबडा दिवा
एक कळकळीची विनंती. मागचं टाचणीचं रीसेट बटण दाबू नका. त्याने पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करण्याचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (कंपनीने दिलेला जोडणीचा क्रमांक) पुसलं जाऊ शकतं आणि चालती लाइन बंद पडते. आधी वॅनच्या पानाचा फोटो काढा आणि पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या. तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं न सांगता आरएक्स पॉवर, 'लॉस' दिव्याची स्थिती आणि वायर लावून घेतलेला पिंग सांगा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

बारा व्होल्ट
वळवाच्या दिवसांसाठी : इमारतीच्या स्विचवरून तांब्याची लॅन वायर घरात येत असेल तर गडगडाट जवळ येण्याआधीच ॲडाप्टरबरोबर तीही काढा. राउटरचं वॅन पोर्ट बरेचदा त्याच वायरीतून जळतं. फायबरमधून वीज येत नाही, पण काही वायरींत आधाराची पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापलेली आहे ना, हे एकदा बघून घ्या.