टोगॅफसोबत आर्किमेट पण लागतंच का?

सातपूरकर: अंबडच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं ईआरपी, म्हणजे खरेदी-साठा-हिशेब सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बदलायचं काम करतोय. टोगॅफ, म्हणजे कंपनीचं काम आणि आयटी यांची आखणी करायची चौकट, तिची एडीएम ही टप्प्याटप्प्याची पद्धत घेतलीय, म्हणजे आधी प्रिलिमिनरी मग ए ते एच फेज आणि मधोमध रिक्वायरमेंट्स, कधी काय करायचं ते ती नीट सांगते, पण चित्र कसं काढायचं ते नाही सांगत. त्यामुळे आमच्याकडे एकाच गोदामाच्या तीन डायग्राम, एकात बाण म्हणजे डेटा, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात काय ते काढणाऱ्यालाच आठवेना. आर्किमेट ही अशी चित्रं काढायची ठरलेल्या खुणांची भाषा, तिच्यात फ्लो (काहीतरी वाहणं) वेगळा, अ‍ॅक्सेस (डेटा वाचणं-लिहिणं) वेगळा, सर्व्हिंग (सेवा देणं) वेगळं, प्रत्येकाचा बाण वेगळा. दोन्ही ओपन ग्रुप या मानकं बनवणाऱ्या संस्थेचंच आहे, मग जोडीनं वापरायला काय हरकत?

मिसळवाला: हरकत ही की तुमची आयटी टीम चार जणांची. टोगॅफमध्ये आवृत्ती 9 पासून म्हणजे 2009 पासून कंटेंट मेटामॉडेल, म्हणजे कशाकशाची नोंद ठेवायची त्याचा आराखडा, आहेच की, तेवढं वापरा. आर्किमेटचे पन्नासच्या वर एलिमेंट, म्हणजे खुणांचे प्रकार, शिकवत बसणार का प्लँट मॅनेजरला? फळ्यावर चौकोन काढा, खाली बाणाचा अर्थ लिहा, विषय संपला.

सातपूरकर: मेटामॉडेल वस्तूंची नावं देतं हो, खुणा नाही देत. आणि सगळे एलिमेंट कोण वापरतंय, दहा-बारात भागतं.

पंचवटी_८७: झॅकमनची चौकट कुणालाच आठवेना का 😄 काय, कसं, कुठं, कोण, कधी, का. हे सहा प्रश्न रकाने करून भिंतीवर लावा, रिकामा रकाना लगेच दिसतो.

मिसळवाला: दिसतो, पण भरायचा कसा ते झॅकमन सांगत नाही. आणि 1987 च्या लेखात तीनच रकाने होते, कोण-कधी-का 1992 ला आले. आधी दोन पद्धतींचा वाद होता, आता तीन झाल्या, घ्या!

सातपूरकर: खरं दुखणं सांगतो. फेज ई मध्ये, म्हणजे उपाय ठरवायच्या टप्प्यात, जुना सर्व्हर काढायचं ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि चाचणीला बंद केला तर गेटपास छापणंच थांबलं, ट्रक रस्त्यावर उभे. गेटपासची प्रक्रिया, तिला सेवा देणारं अ‍ॅप्लिकेशन आणि खाली तो सर्व्हर, ही साखळी एका मॉडेलमध्ये असती तर बंद करायच्या आधीच दिसली असती. फेजा आम्ही सगळ्या पाळल्या होत्या राव.

मिसळवाला: गेटवरच्या वॉचमनला विचारलं असतं तरी कळलं असतं.

सातपूरकर: कळलं असतं, पण त्याला विचारायचं हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? ती साखळी काढताना गेट आपोआप समोर येतं.

मिसळवाला: बरं, दहा एलिमेंट. अकरावा आला की मी परत येतो.