आयर्लंडमधली आलिशान ट्रेन: आई-बाबांसाठी जूनमध्ये काय आखावं?

मेघना_पुणे
आई-बाबा (वय 66 आणि 70) पुण्याहून जूनमध्ये 11-12 दिवस आयर्लंडला जाणार आहेत. डेक्कन ओडिसीसारखी, गाडीतच राहायचं, जेवायचं आणि रोज नवीन ठिकाणी उतरायचं अशी सहल त्यांना हवी आहे. ‘ग्रँड हायबर्नियन’ नावाच्या गाडीचं एक माहितीपत्रक मिळालं, पण तिचं बुकिंग कुठे होतं ते सापडत नाही. ती चालू आहे का? नसेल तर दुसरं काय? दोघंही शाकाहारी, बाबांना गुडघ्याचा त्रास. बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे पाहायचंच आहे.

रूळवेडा
माहितीपत्रक जुनं आहे. ग्रँड हायबर्नियन ही बेलमंड कंपनीची गाडी 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. दहा डबे, जास्तीत जास्त 40 प्रवासी. आयरिश रेल्वेचे सेवेतून काढलेले मार्क 3 प्रकारचे डबे नव्याने सजवून ती बनवली होती. दोन रात्रींची फेरी उत्तरेकडे, चार रात्रींची कॉर्क, किलार्नी, गॉलवे, वेस्टपोर्ट अशी, आणि दोन्ही जोडून सहा रात्रींची. 2020 चा हंगाम कोविडमुळे रद्द झाला आणि 2021 मध्ये कंपनीने गाडी कायमची बंद केल्याचं जाहीर केलं. जुनी पानं आणि व्हिडिओ अजून फिरत असतात, म्हणून गोंधळ होतो. बेलमंडची 2025 ला सुरू झालेली ब्रिटानिक एक्सप्लोरर लंडनहून निघून इंग्लंड-वेल्समध्ये फिरते, आयर्लंडशी तिचा संबंध नाही. या नावाखाली कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

बाहेरची कुठलीही आलिशान गाडी आणून तिथे चालवता येत नाही, कारण रूळ वेगळे. आयर्लंडचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1600 मिमी, ब्रिटन आणि बहुतेक युरोपचं 1435. (आपलं 1676.) डब्यांखालचे चाकांचे सांगाडे बदलल्याशिवाय ते येऊ शकत नाहीत, त्यामुळे अशा गाडीसाठी वेगळे डबे लागतात आणि 40 प्रवाशांवर तो खर्च काढायचा असतो.

आणखी एक: ती गाडी चालू असती तरी डेक्कन ओडिसीसारखं रात्री गाडी धावतेय आणि सकाळी नवं गाव, असं नव्हतं. रात्री ती स्टेशनात उभी राहायची. डब्लिन ते कॉर्क 266 किमी, अडीच तासांत संपतं, रात्रभर धावायला देशच पुरत नाही. म्हणून तीन-चार गावांत चांगली हॉटेलं आणि दिवसा वरच्या वर्गाने प्रवास, यात फार काही हुकत नाही.

शॅननकाठ
वरच्याशी सहमत. पण तिकिटांआधी व्हिसा बघा, बेलफास्टचा सगळा बेत त्यावर अडतो.

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात, नाही आणि बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये आहे. डब्लिन-बेलफास्ट गाडीत सहसा पासपोर्ट कोणी बघत नाही, म्हणून लोक नुसत्या आयरिश व्हिसावर जातात. ते बेकायदा आहे, पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. यावर उपाय म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना. भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांना अल्पमुदतीच्या व्हिसावर ही सोय मिळते. व्हिसा हातात आला की त्यावर ‘बीआयव्हीएस’ (BIVS, योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) ही अक्षरं आहेत का ते वाचा. नसतील तर बेलफास्ट वगळा.

योजनेची मेख अशी की ज्या देशाने व्हिसा दिला तिथेच आधी उतरायचं. आयरिश व्हिसा असेल तर मुंबईहून दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे थेट डब्लिन गाठा. स्वस्त पडतं म्हणून लंडनमार्गे तिकीट काढलं तर तिथेच अडकायला होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं आणि बोटांचे ठसे केंद्रावर. जूनसाठी मार्चच्या पुढे ढकलू नका.

रूळवेडा
आता मार्ग. डब्लिनमध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत आणि इथेच चुका होतात. बेलफास्ट, स्लायगो आणि रॉसलेअर कॉनलीवरून. कॉर्क, किलार्नी, गॉलवे, वेस्टपोर्ट ह्यूस्टनवरून. दोन्हींमध्ये लुअस ट्रामची लाल लाइन आहे, पाऊण तास हाताशी ठेवा. विमानतळाला रेल्वे स्टेशन नाही, बस किंवा टॅक्सीच.

पहिला टप्पा बेलफास्ट. ‘एंटरप्राइझ’ गाडीला पहिला वर्ग आहे, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. जाताना उजवीकडे बसा: समुद्र तिकडे, आणि ड्रोहेडाला बॉइन नदीवरच्या 1855 च्या पुलावरून नदीचं मुख तिकडेच दिसतं. 2024 पासून ही गाडी बेलफास्ट ग्रँड सेंट्रलला जाते. जुन्या माहितीत लॅनियन प्लेस हे स्टेशन लिहिलेलं असेल, त्यानुसार हॉटेल घेऊ नका. तिथे दोन रात्री काढा.

मधल्या दिवशी डेरी (लंडनडेरी) शहराची गाडी. वरचा वर्ग नाही, पण या बेटावरचा माझ्या मते सर्वात देखणा रेल्वेमार्ग. कोलरेननंतर कासलरॉकचा समुद्रकिनारा, डाउनहिलचे बोगदे, मग लॉक फॉइल खाडीच्या पाण्याला खेटून जाणारे रूळ. पुन्हा उजवीकडेच बसा. कॉजवेसाठी कोलरेनला उतरून 172 क्रमांकाची बस. मात्र डेरी आणि कॉजवे एका दिवसात कोंबू नका. कॉजवेला बसथांब्यापासून दगडी खांबांपर्यंत सुमारे एक किलोमीटर उतार आहे, परत येताना तोच चढ. खाली-वर शटल बस असते, गुडघ्यांसाठी ती घ्याच. दगड ओले असले की घसरतात, काका कडेवरूनच बघोत.

मेघना_पुणे
खूप आभार. बेलफास्टनंतर किलार्नी आणि गॉलवे दोन्ही करायचंय. किलार्नीहून गॉलवेला डब्लिनला न जाता ट्रेनने जाता येतं का?

शॅननकाठ
जाता येतं, पण काका-काकूंना मी तसं पाठवणार नाही. मॅलो, लिमरिक जंक्शन आणि लिमरिक अशा तीन ठिकाणी गाड्या बदलाव्या लागतात. (लिमरिक जंक्शन लिमरिकमध्ये नाही, टिपररी काउंटीत आहे.) लिमरिक-गॉलवे मार्गातला एनिस ते ॲथेनराय भाग 2010 मध्ये पुन्हा सुरू झाला, एकेरी आहे, गाड्या कमी. एनिसच्या दक्षिणेला बॅलिकारजवळ सखल भागात पाणी साचून पावसाळी हिवाळ्यात तो मार्ग बंदही पडतो. जूनमध्ये ती भीती कमी, पण एक जोडगाडी हुकली तर पुढची बराच वेळ नसते.

त्यापेक्षा किलार्नीहून चालकासह गाडी घ्या. टार्बर्टहून शॅनन नदी ओलांडणारी फेरीबोट पकडा, वीस मिनिटांत पलीकडे किलिमर. तिथून क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्रकडे बघून संध्याकाळी गॉलवे. क्लिफ्सना रेल्वे नाहीच. रिंग ऑफ केरी, डिंगल, कॉनेमारा इथेही नाही. गॉलवे-क्लिफडन रेल्वे 1935 मध्ये बंद झाली. त्यामुळे आलिशान ट्रेनचे प्रवासीही या भागात बसनेच फिरायचे.

रूळवेडा
हेच करा. बेलफास्टहून डब्लिनला परत येऊन एक रात्र, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनहून किलार्नी: सव्वातीन तासांच्या पुढे-मागे, बहुतेक गाड्यांना मॅलोला बदल. बदल करताना लिफ्ट चालू आहे का ते निघण्याआधी रेल्वेच्या संकेतस्थळावर तपासा. किलार्नीत तीन रात्री, गॉलवेत दोन, मग गॉलवे-डब्लिन अडीच तास. ॲथलोनला शॅनन ओलांडताना खिडकीशी असा.

‘प्रीमियर’ हा वरचा वर्ग मुख्यतः डब्लिन-कॉर्क गाड्यांवर, गॉलवेला नाही. त्यात खुर्ची रुंद आणि गर्दी कमी मिळते, पंचपक्वान्नांची अपेक्षा नको. ऑनलाइन आगाऊ तिकीट स्वस्त, आणि राखीव जागेवर वरच्या पट्टीवर नाव झळकतं. जूनचा पहिला सोमवार सरकारी सुट्टी. त्या शनिवार-रविवारी रूळांची कामं काढून काही टप्प्यांवर बस लावतात, तेव्हा प्रवास टाळा.

हे सगळं स्वतः जुळवायचं नसेल तर रेलटूर्स आयर्लंड ही डब्लिनची संस्था याच नेहमीच्या गाड्यांत जागा राखून, पुढे बस आणि हॉटेल जोडून अनेक दिवसांच्या सहली नेते. जुन्या डब्यांची हौस असेल तर आरपीएसआय ही 1964 पासूनची स्वयंसेवी संस्था वाफेच्या इंजिनाच्या एकदिवसीय फेऱ्या काढते. तारखा मोजक्या असतात, तिकिटं लवकर संपतात.

पश्चिमवारा
खाण्याचं आणि सामानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

गाडीत ट्रॉली आली तर चहा, चिप्स, बिस्किटं. शाकाहारी गरम जेवण मिळेल असं धरू नका. ह्यूस्टनला चढण्याआधी सँडविच घ्या. ठेपले-चिवडा बॅगेत चालतो, पण तूप, पेढे, खवा, पनीर नको: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तुपात केलेले लाडूही त्यातच धरा.

मोठ्या बॅगांचे रॅक डब्याच्या टोकाला आणि लवकर भरणारे. डोक्यावरच्या फळीत केबिन बॅगच मावते. माणशी एक मध्यम बॅग ठेवा. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चपट्या तीन पिनांचे, आपली गोल पिन बसत नाही. उत्तरेत पौंड, दक्षिणेत युरो.

जूनअखेर गॉलवेत सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पाच-सहाची गाडी घेतली तरी खिडकीतून सगळं दिसतं. सकाळच्या गर्दीच्या गाड्यांमागे धावू नका. डब्लिनच्या मोकळ्या दिवशी कॉनलीहून डार्ट या लोकल गाडीने ग्रेस्टोन्सपर्यंत जाऊन या, जाताना डावीकडे बसून. ब्रे ते ग्रेस्टोन्स कड्याला चिकटलेले रूळ आहेत, खाली समुद्र, आणि लीप कार्ड या प्रवासकार्डावर किरकोळ खर्चात होतं.