बडोद्यात आई-बाबांसाठी हॉटेल की सर्व्हिस अपार्टमेंट?

ताई, आई-बाबांना घेऊन चार दिवस बडोद्याला जाताय आणि हॉटेल घ्यावं की सर्व्हिस अपार्टमेंट, असं विचारलंत. मी तर म्हणेन, अपार्टमेंटच घ्या. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन आम्ही रावपुऱ्यात दोन खोल्यांच्या साध्याशा जागेत राहिलो. त्यांना पहाटे पाचला चहा लागतो. हॉटेलात कुणाची तरी वाट बघत बसावं लागलं असतं. इथे मी उठले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून आलं किसत होत्या, दुधाचं पातेलं गॅसवर, खांद्यावर शाल. तेवढ्यानेच माझे पैसे वसूल झाले.

फोनवर लिफ्टचं मात्र खोदून खोदून विचारा. आमची दोन दिवस बंद होती, जागा तिसऱ्या मजल्यावर आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. फार जिवावर आलं. कुकर आहे का, हेही विचारा. गोडा मसाला घरूनच न्या.

भाग शक्यतो दांडिया बाजार-रावपुऱ्याचाच बघा. मराठी कानावर पडतं, आईंना करमेल. सूरसागर तलाव जवळच आहे. कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकातली, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं चुकवू नका. १८९० साली बांधून झालेला लक्ष्मीविलास पॅलेस बघायला अख्खी सकाळ ठेवा, बाबांना मध्ये मध्ये बसावं लागेल. त्या दिवशी बाहेर सेवउसळ खा आणि रात्री खोलीवर मऊ खिचडी टाका, वर तूप.