बाथरूम नवीन करतोय, टब बसवावा की नको? (नाशिक, ८ बाय ५)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज सल्ला द्या.

आमचा फ्लॅट इंदिरानगरला, बिल्डिंग वीसेक वर्षं जुनी, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. बेडरूमचं बाथरूम पूर्ण फोडून नवीन करायचं ठरलंय कारण खालच्यांच्या छताला ओल आलीये आणि ते बिचारे तरी किती दिवस ऐकून घेणार. माप ८ बाय ५, बिल्डर लोक देतात तेवढंच. आता फोडायचंच आहे तर एकदम हॉटेलसारखं करू असं नवऱ्याच्या डोक्यात बसलंय. त्याला टब पाहिजे, मला रेन शॉवर. शिवाय २०२७ च्या कुंभाला गावाकडचे झाडून सगळे पाव्हणे आमच्याकडेच उतरणार, तेव्हा दाखवायला पण बरं :)

सासूबाईंना काय हवंय हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं, आणि खरं तर ते बाथरूम जास्त वापरतात त्याच. गुडघे गेलेत त्यांचे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करतात, बादलीत आधी गार मग गरम, कोपर बुडवून बघायचं, मग तांब्याने सावकाश. शॉवरखाली अंग ओलं होतं, आंघोळ होत नाही असं त्यांचं म्हणणं. आणि उठताना त्या बादलीच्या नळाला धरून उठतात, तो नळ आता भिंतीतून हलायला लागलाय! हे परवा प्लंबरने दाखवलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

टबाचा हिशोब मी नवऱ्याला करून दाखवला. साधा ५ फुटी टब म्हणजे दीड-दोनशे लिटर पाणी. आमचा गिझर २५ लिटरचा, ६० डिग्रीला तापला आणि आपल्याकडच्या थंडीतलं गार पाणी मिसळलं तर अंघोळीच्या ऊनपणाचं जेमतेम ५० लिटर मिळतं. म्हणजे चार वेळा गिझर तापवा, दरवेळी अर्धा-पाऊण तास, तोवर पहिलं पाणी निवलेलं. तो म्हणतो मोठा गिझर घेऊ. कठीण आहे.

आता माझ्या हट्टाचं. शोरूममधे रेन शॉवर सुरू करून दाखवला, काय धो धो पाणी, पण तिथे पंप लावलेला होता हे निघताना कळलं. आमची टाकी डोक्यावरच आहे, वरच्या मजल्याला पाणी कसं करंगळीएवढं येतं ते वरच्या मजल्यावाल्यांनाच माहीत. पंप लावावा का? टाईल्स कुठल्या घेऊ? शोरूममधल्या चकचकीत मार्बल टाईपच्या फार आवडल्यात पण सासूबाईंची भीती वाटते. आणि काचेचं पार्टिशन केलं तर आमचं बोअरचं पाणी, आताच नळांवर पांढरे थर बसतात, काचेचं काय होईल? बजेट सांगत नाही, सांगितलं की तेवढंच लागतं :D

प्रतिसाद (सिडकोवाला): टब घ्याच. पाणीकपातीत साठवायला उपयोगी पडतो.

प्रतिसाद (गवंडीमित्र): ताई, टब-शॉवर नंतर, आधी ओल. जुन्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे आणि मलबा भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पितो आणि मग खाली सोडतो. नुसत्या वरच्या फरशा काढून नवीन बसवल्या तर ओल तशीच राहणार. सगळा भराव काढायला लावा, स्लॅब उघडा पडू द्या, पाईप बदला (गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे उष्णता सोसणारं प्लास्टिक), मग वॉटरप्रूफिंग, आणि ते भिंतीवर पण चढवा, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. नंतर नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, ४८ तास तरी. खालच्यांना बोलवून छत दाखवा. ते हो म्हणाले की मगच कोबा आणि टाईल्स. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, ऐकू नका.

टबाबद्दल, १ लिटर म्हणजे १ किलो. पाणी, टब आणि माणूस धरून तीनशे किलोच्या आसपास वजन होतं तेवढ्याशा जागेत. घराच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने वापराचा भार धरतात. लगेच काही पडणार नाही, पण जुन्या आणि ओल लागलेल्या स्लॅबवर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय मी तरी बसवणार नाही.

प्रतिसाद (कॉलेजरोडकर): आमच्या आईसाठी मागच्या वर्षी केलंय म्हणून लिहिते. टबाच्या जागी भिंतीला धरून ग्रॅनाईटचा बसका कट्टा करा, १७-१८ इंच उंच, पुढची कड गोल करून घ्या. आई आता तिथे बसून निवांत आंघोळ करते आणि खरं सांगू, आम्ही पण बसतो, दिवाळीत उटणं लावायला तर मस्तच. बादली ठेवायला शेजारी छोटी पायरी केलीये त्यामुळे तांब्यासाठी वाकावं लागत नाही. हॅंड शॉवर सरकत्या दांड्यावर घ्या म्हणजे बसून पण हातात येतो. धरायचा बार स्टीलचा, विटेच्या भिंतीत अँकर मारून बसवा, नुसत्या टाईलवर स्क्रू मारला तर तुमच्या नळासारखंच होईल. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचं ते फिरवायचा खटका) शॉवरच्या खाली नको, दाराकडच्या बाजूला घ्या, नाहीतर सकाळी गार पाण्याचा पहिला मारा अंगावर.

टाईल्स खाली मॅट, अँटीस्किड, आर ११ (पाय न घसरण्याचा दर्जा) लिहिलेलं बघा. तुमची चकचकीत हौस भिंतीवर करा. ग्राऊट (टाईल्समधल्या फटी भरायचा मसाला) इपॉक्सी घ्या, महाग आहे पण काळं पडत नाही. काचेवर बोअरच्या पाण्याचे डाग पडतातच, आमच्याकडे वायपर लटकवलाय, मारणारी मी एकटीच.

गिझरची वायर जुनी असेल तर ४ स्क्वेअर एमएमची नवी ओढा, आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच हवा.

प्रतिसाद (गवंडीमित्र): पंपाचं राहिलं. १० मीटर उंचीला १ बार प्रेशर मिळतं, तुमची टाकी शॉवरच्या जेमतेम २-३ मीटर वर, म्हणजे पाव बार. रेन शॉवरला साधारण १ बार तरी पाहिजे. पंपाशिवाय ठिबक सिंचन होईल. टाकी कॉमन असेल तर आधी सोसायटीला विचारा, खालच्यांचं पाणी ओढलं तर ओलीचं भांडण बरं होतं म्हणाल.

इंदिरानगरची (धागाकर्ती): खूप खूप धन्यवाद! कट्ट्याचा फोटो सासूबाईंना दाखवला, त्यांचा पहिला प्रश्न, साबण कुठे ठेवायचा? त्यामुळे बसल्यावर हाताला येईल असा कोनाडा पक्का. नवरा अजून घुश्शात आहे पण इंजिनीअरची फी ऐकून टब जरा मागे पडलाय. पंपाचं रविवारी मीटिंगमधे काढते.

आता एकच अडलंय. ओल्या आणि कोरड्या भागात उंबरा नको आहे, त्यांचा पाय अडकतो. उताराच्या जोरावर आणि ती लांब पट्टीवाली जाळी असते ना, चॅनल ड्रेन, त्याने पाणी खरंच अडतं का? घरात तिघी लांब केसांच्या आहेत, ती जाळी काढून धुवायला सोपी असते का? कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा, प्लंबर सोमवारी येतोय.