सभासदाचं प्रोफाइल: मोबाइल नंबर उघडा ठेवायचा की झाकायचा?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

सोलापुरातल्या मंडळांच्या, समाजांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या छापील सूच्या आता एकेक करून संकेतस्थळावर चढतायत. पुस्तिकेत एका घराला चार ओळी मिळायच्या. इथे प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल असतं: फोटो, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता, मोबाइल, कामधंदा, मुलांची नावं. बऱ्याच ठिकाणी हे सगळं लॉग-इन न करताच दिसतं, कारण बांधणाऱ्याने सुरुवातीची सेटिंग बदललेलीच नसते.

माझं म्हणणं असं की नाव आणि पेठ सोडून प्रत्येक रकाना सुरुवातीला झाकलेला असावा. ज्याला दाखवायचंय त्याने तो स्वतः उघडावा. जन्मतारखेचंच बघा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. दोन्ही प्रोफाइलवर असतील तर ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येते. वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिवस आणि महिना पुरतो, साल लागत नाही.

साइट वर्डप्रेसवर (साइट बांधायची प्रणाली) असेल आणि त्यात बडीप्रेस (सभासदांच्या प्रोफाइलची जोडणी) बसवलेलं असेल तर चालकांनी डॅशबोर्डमध्ये 'युजर्स', त्याखाली 'प्रोफाइल फील्ड्स' उघडावं आणि मोबाइलचा रकाना 'एडिट' करावा. तिथे 'व्हिजिबिलिटी'चा चौकोन आहे, त्यात सगळे, सभासद, फक्त मी आणि मैत्रीची सोय चालू असेल तर मित्र असे पर्याय येतात. 'फक्त मी' निवडून सभासदाला बदलायची मुभा ठेवा. अडचण एकच: ज्याने आधी प्रोफाइल सेव्ह केलंय त्याची जुनी निवड साठलेली असते, त्यामुळे नुसता डीफॉल्ट (सुरुवातीची सेटिंग) बदलून त्याचा नंबर झाकला जात नाही. 'एन्फोर्स' (सक्ती) केलं तर सगळ्यांना लागू होतं, पण मग कुणालाच स्वतःहून उघडता येत नाही.

पूर्वभाग_मागवाला

जुळेवाले, तुम्ही नोकरदार माणसाचा विचार करून लिहिलंय. जॉबर (माग दुरुस्त करणारा), वार्पिंगवाला (ताणा भरणारा), रंगारी, टॉवेलला काठ शिवणाऱ्या बाया यांच्याकडे दुकानाची पाटी नसते. नंबर हीच त्यांची पाटी. हैदराबादचा व्यापारी टेरी टॉवेल शोधत प्रोफाइलवर आला आणि नंबर दिसला नाही, तर तो खातं काढून मान्यतेची दोन दिवस वाट बघत बसत नाही. पुढच्याला फोन लावतो.

लोक सेटिंग बदलत नाहीत म्हणून झाका, असं तुमचं म्हणणं. त्याच कारणासाठी मी म्हणतो, उघडं ठेवा. साठी ओलांडलेला कारखानदार ती सेटिंग जन्मात शोधणार नाही. त्याचा नंबर झाकलेलाच राहील, आणि ऑर्डर का येत नाही ते त्याला कळणारही नाही. नंबर झाकून तुम्ही त्याचं रक्षण करत नाही, त्याला बाजारातून उठवता.

जुळे_सोलापूर

मागवाले अण्णा, हे पटतं, म्हणून माणूस आणि धंदा वेगळे करा. 'व्यवसाय' नावाचा दुसरा गट करायचा. त्यात फर्मचं नाव, मालाचा प्रकार, धंद्याचा नंबर, आणि तो गट सुरुवातीपासून सगळ्यांना उघडा. घरचा नंबर, जन्मसाल, घरपत्ता पहिल्या गटात आणि बंद. दुसरं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं की प्रश्न मिटतो.

पूर्वभाग_मागवाला

मिटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, खाली माग आणि वर घर, असे किती कारखाने आहेत ते मोजा. धंद्याचा पत्ता लिहिला की घराचा लिहिला. आणि दुसऱ्या सिमला वेगळा रिचार्ज लागतो. चार मागांवर जॉबवर्क (दुसऱ्याचा माल मजुरीवर विणणं) करणाऱ्याला तो खर्च कशापायी?

बाळीवेस

दोघांचं वाचलं. पण 'झाकलेलं' खरोखर झाकलंय का, ते आधी तपासा. बऱ्याच साइटवर ते नुसतं दिसत नसतं, एवढंच.

ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडा, लॉग-इन करू नका, आणि स्वतःच्या प्रोफाइलचा दुवा टाका. नंबर दिसला तर तो जगाला दिसतो. दिसला नाही तरी कॉम्प्युटरवर राइट-क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या आणि नंबरचे शेवटचे चार आकडे शोधा. थीम (साइटचा दिसण्याचा साचा) बनवणाऱ्याने रकाना नुसता स्टाइलने लपवला असेल तर आकडे तिथे सापडतात. सर्व्हरने तो रकाना पाठवलाच नाही, तर आणि तरच तो झाकला गेला.

'व्हॉट्सॲपवर बोला' असं बटण लावून नंबर लपला, असं समजणारे बरेच आहेत. त्या बटणाच्या दुव्यातच ९१ लावून पूर्ण नंबर असतो. बोट टेकवून धरलं तरी दिसतो. नंबर खरंच लपवायचा तर बटणाने साइटच्या आतला निरोपाचा फॉर्म उघडला पाहिजे, आणि निरोप सभासदाच्या ईमेलवर गेला पाहिजे.

फोटोचं तर कुणी बघतच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. फोटो दारात काढला तर घराचा नेमका ठिकाणा त्यात असतो. वर्डप्रेस छोट्या आकाराच्या प्रती बनवतं, त्यांत ही माहिती कधी पुसली जाते, कधी तशीच राहते, आणि मूळ फाइल अपलोड्सच्या फोल्डरात तशीच पडून असते. तिचा थेट दुवा माहीत असेल तर प्रोफाइल बंद असूनही ती उघडते. उपाय सोपा आहे: फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो चढवा, किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून (डॉक्युमेंट म्हणून नव्हे) पाठवलेली प्रत वापरा.

आणि प्रोफाइलच्या दुव्यात १, २, ३ असे चढते क्रमांक नकोत. एक छोटा प्रोग्रॅम क्रमाने एकेक पान उघडत सगळे नंबर उचलतो. लॉग-इन सक्तीचं केलं तरी एक खोटं खातं पुरतं. म्हणून एका खात्याला दिवसाला वीसेक नंबरच दिसतील, अशी मर्यादा लागते.

सातरस्ता

इतकी भीती कशाला घालताय? वधू-वर परिचय पुस्तिकेत जन्मवेळ, गोत्र, उंची, पगार, वडिलांचा फोन, सगळं छापलेलं असायचं. गठ्ठ्याने वाटायचो. त्यातूनच सोयरिकी जमल्या. आता तीच माहिती पडद्यावर आली, तर एकदम धोका कसा झाला?

उलट बंद प्रोफाइलचा त्रास मोठा आहे. ना फोटो, ना पेठ, ना पत्ता. नुसतं आडनाव बघून समोरचा खरा की खोटा, कळायचं कसं? आपल्याकडे तर एकच आडनाव मराठीत एक, तेलुगूत दुसरं आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. उघड्या प्रोफाइलवर मामा, काका, शेजारी कुणीतरी ओळखतं आणि खोटं लगेच पकडलं जातं. बंद दाराआड खोटेपणाच फोफावतो.

विजापूर_वेस

सातरस्तेवाले काका, पुस्तिका कपाटात राहते. हजार प्रती असतील तर त्या हजार घरांत. तिच्यात 'वय २४, सोलापूर' असं टाकून सगळ्या मुलींची यादी क्षणात काढता येत नाही. लग्न जमलं की पुस्तिका रद्दीत जाते. प्रोफाइल मात्र लग्नानंतर पाच वर्षांनीही 'इच्छुक' म्हणून दिसत राहतं आणि त्यावरून फोन येत राहतात. ते कोण बंद करणार?

वधू-वर विभागाचे नियमच वेगळे हवेत. मुलीचा नंबर कुठेच नको. पालकाचा, तोही विनंती मान्य केल्यावर. फोटो दोन: एक सभासदांना दिसणारा, बाकीचे विनंतीवर. जन्मवेळ आणि जन्मठिकाण प्रोफाइलवर लिहायचंच नाही. दोन्ही घरांनी होकार दिला की पत्रिका थेट पाठवायची. प्रोफाइलला सहा महिन्यांची मुदत. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी संदेश जावा, उत्तर आलं नाही तर ते आपोआप बंद व्हावं.

आडनावाचं तुम्ही म्हणता ते मात्र खरं. त्यावर 'शोधासाठीचं नाव' असा एक जास्तीचा रकाना ठेवा, न दिसणारा. त्यात सगळी लेखनं टाकली की कुणीही कसंही शोधलं तरी माणूस सापडतो. त्यासाठी पत्ता उघडा करायची गरज नाही.

ओळख पटवायचं कामही तसंच. जुन्या दोन सभासदांनी ओळख दिली की नावापुढे खूण यावी. कुणी ओळख दिली ते चालकांकडे नोंदलेलं असावं.

कन्ना_चौक

पुस्तिकेचा मुद्दा निघाला म्हणून कायद्याचं सांगतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कागदावर गोळा केलेली माहिती नंतर संगणकात चढवली, तर तीही या कायद्यात येते. म्हणजे जुनी पुस्तिका टाइप करून साइटवर टाकणं हे 'आधीच छापलेलं आहे' म्हणून सुटत नाही. घरगुती वापराला सूट आहे, पण ती एखाद्या व्यक्तीला, मंडळाला नाही.

संमती स्पष्ट हवी, कशासाठी माहिती घेतो ते सांगून. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. आपल्या गावाला हे महत्त्वाचं आहे: मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही त्या परिशिष्टात आहेत. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, तेव्हा मुलांची नावं आणि गणवेशातले फोटो सरसकट चढवणं थांबवा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या मंडळाला तेवढा होईल असं नाही, पण जबाबदारी मंडळाची, साइट बांधून देणाऱ्याची नव्हे.

सातरस्ता

त्याच कायद्यात हेही आहे की माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागू नाही. पुस्तिकेसाठी लोकांनी स्वतः फॉर्म भरून दिले होते. मग?

कन्ना_चौक

फॉर्म मंडळाला दिला, जाहीर मंडळाने केलं. स्वतः जाहीर करणं म्हणजे सभासदाने आपल्या हाताने तो रकाना 'सगळे' वर ठेवणं. म्हणून तर प्रत्येक रकान्याची निवड सभासदाच्या हाती असणं मंडळाच्याही हिताचं आहे.

बाळीवेस

काढून टाकण्याबद्दल एक राहिलं. वर्डप्रेसच्या 'टूल्स'मध्ये 'इरेझ पर्सनल डेटा' आहे. सभासदाच्या ईमेलवर खात्रीचा दुवा जातो, त्याने तो दाबला की चालकांना माहिती पुसता येते. पण त्याने खातं जात नाही. ते 'युजर्स'मधून वेगळं डिलीट करावं लागतं. बॅकअपच्या जुन्या प्रतींत माहिती उरतेच, तेव्हा त्या किती दिवस ठेवायच्या तेही ठरवून लिहून ठेवा.

गूगलमध्ये प्रोफाइल येऊ नये म्हणून रोबोट्सच्या फाइलमध्ये (शोधयंत्रांसाठीच्या सूचनांची फाइल) मनाई लिहितात, तीही उलटते. मनाई असली की गूगल पान वाचतच नाही, त्यामुळे पानावरची 'नोइंडेक्स' (यादीत घेऊ नका) खूण त्याला दिसत नाही, आणि बाहेर कुठे दुवा असेल तर पत्ता यादीत येऊ शकतो. पान वाचू द्या आणि त्यावर 'नोइंडेक्स' ठेवा. त्याहून पक्कं म्हणजे लॉग-इनच्या आत घ्या.

पूर्वभाग_मागवाला

ताईंचं वधू-वराचं सगळं मान्य. जन्मसाल, मुलं, घरपत्ता झाका, माझी हरकत नाही. पत्त्यात पेठ आणि जवळचा चौक एवढं पुरे, माल न्यायला येणारा फोन करून येतोच. पण नंबराचा निर्णय डीफॉल्टवर सोडू नका, तिकडेही नको आणि इकडेही नको. नोंदणीच्या फॉर्मवर सरळ विचारा: 'हा नंबर कुणाला दिसावा?' समोर दोन गोल, एकही आधीपासून भरलेला नको, आणि निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जायला नको. चारही भाषांत. मग कुणी म्हणू शकणार नाही की मला माहीत नव्हतं.

जुळे_सोलापूर

नवीन सभासदांसाठी हे माझ्या मूळ सूचनेपेक्षा चांगलं आहे, घेतो. 'एन्फोर्स'ची अडचणही सुटते. जुने सभासद मात्र राहतात. त्यांची निवड कुणी विचारलेलीच नाही आणि नंबर आज उघडे आहेत. त्यांना एसएमएस पाठवून तीस दिवस द्यावेत, उत्तर नाही आलं तर नंबर बंद.

पूर्वभाग_मागवाला

बंद का? एसएमएस न वाचणारा तोच माणूस आहे ज्याचा धंदा त्या नंबरावर चालतो. 'व्यवसाय' रकाना भरलेला असेल तर उघडाच राहू दे.

जुळे_सोलापूर

नाही अण्णा, गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला, असं धरता येणार नाही. पेठेपेठेला दोन कार्यकर्ते नेमा. ज्यांनी 'व्यवसाय' भरलाय त्यांना त्याच नंबरावर फोन लावून त्यांच्या भाषेत विचारा, आणि तारखेसकट नोंद करा. महिनाभरात तीनदा फोन लावूनही कुणी उचलला नाही, तर तो नंबर उघडा ठेवून ऑर्डर तरी कुठून येणार?

पूर्वभाग_मागवाला

फोन संध्याकाळी सातनंतर लावा. दिवसा माग चालू असतो, रिंग ऐकू येत नाही.