युगांडातल्या खेड्यात चर्चच्या मंडळीबरोबर मिशन ट्रिपला बोलावलंय, जाऊ का?

नगरची_लेक:
सर्वांना सलाम. मी मूळची नगरची, पुण्यात एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, दोन वर्षं झाली. आमच्या मंडळीतून जुलैमध्ये १४ जणांची टीम युगांडाला चाललीये, सोरोटीच्या आसपासच्या खेड्यांत, १५ दिवस. मेडिकल कॅम्प, मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), एका शाळेचं रंगकाम आणि संध्याकाळी प्रार्थनासभा. माणशी खर्च पावणेदोन लाख, त्यातले साठ हजार माझ्या पगारातून साठवलेत, बाकीचे मंडळीतले लोक देतायत. लहानपणापासून मनात होतं की प्रभूने बोलावलं तर जायचं, आणि आता पाळकसाहेबांनी (आमच्या पास्टरांनी) खरंच विचारलं तर रात्र रात्र झोप नाही. आई म्हणते एवढ्या पैशात आपल्या पाथर्डीकडच्या वाडीवर कितीतरी होईल, आणि मला तिला उत्तरच देता आलं नाही. कोणी जाऊन आलंय का? १५ दिवसांत कुणाचं खरंच भलं होतं का? लस, व्हिसा, खाणंपिणं पण सांगा प्लीज.

सातारचा_विल्सन:
ताई, मी तीन वर्षांपूर्वी त्याच भागात तीन आठवडे जाऊन आलोय. आमच्या चुका सांगतो, त्याच कामाला येतील. आम्ही पण शाळा रंगवली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की गावातले दोन रंगारी समोरच्या आंब्याखाली बसून आमच्याकडे बघतायत, म्हणजे त्यांची चार दिवसांची मजुरी आम्ही विमानाचं तिकीट काढून येऊन खाल्ली. मला अजून त्यांचे चेहरे आठवतात. दुसरी चूक चॉकलेटं. गाडीतून वाटायला लागलो तर शेदीडशे पोरं एकदम धावली, एक चार-पाच वर्षांची पोरगी खाली पडली आणि तिच्या हातावर कुणाचातरी पाय पडला, तिची आई काही बोलली नाही, पोरीला उचलून घेऊन गेली. तेव्हापासून मी कुठेच असं काही वाटत नाही, द्यायचं ते तिथल्या पाळकांच्या हातात. तिसरं, औषधांची दोन खोकी नेली होती, ती एअरपोर्टवरच अडकली कारण तिथल्या नॅशनल ड्रग अथॉरिटीची परवानगी लागते आणि आम्ही विचारलंच नव्हतं. तरी जा म्हणेन मी. पण आधी तिथल्या मंडळीला विचारा की तुम्हाला काय हवंय, आपला प्लॅन इथूनच छापून नेऊ नका.

मिरजेची_सिस्टर:
बाळा, मी नर्सिंगमध्ये ३४ वर्षं काढली म्हणून हक्काने सांगते. तुझं इथलं रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही. युगांडात नर्सला त्यांच्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलची आणि डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, टीमने ती केलीये का हे आत्ताच विचार आणि नसेल तर सुईला हात लावू नकोस. जिंजा गावात एक अमेरिकन मिशनरी बाई, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसताना, कुपोषित बाळांचं सेंटर चालवत होती. तिथे बाळं दगावली आणि २०१९ मध्ये दोन बाळांच्या आई कोर्टात गेल्या. तिच्या मनात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण प्रेमाने सलाईनचा हिशोब येत नाही गं.

आणि कॅम्प म्हणजे काय ते पण विचार. एका दिवसात तीनशे माणसं तपासून बीपीच्या महिन्याभराच्या गोळ्या दिल्या, मग पुढच्या महिन्यात कोण देणार? तिकडे सबकाउंटीला, म्हणजे काही गावांच्या गटाला, सरकारी हेल्थ सेंटर थ्री असतं, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं, आणि गावोगाव व्हिलेज हेल्थ टीमचे लोक असतात, आपल्या आशाताईंसारखे. कॅम्प त्यांच्या बरोबरीने आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद करून झाला तरच अर्थ आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली आमच्या मिरजेत हॉस्पिटल उघडलं, ते काय पंधरा दिवसांसाठी आले नव्हते, इथल्या मुलांना शिकवून तयार केलं म्हणून ते मागे उरलं. तू शिकवू शकतेस असं काहीतरी घेऊन जा.

वाचक_औरंगाबाद:
मी ख्रिश्चन नाही, राग मानू नका, पण मनापासून वाटतं ते लिहितो. औषधाची रांग आणि प्रार्थनेची रांग एक नको. गोळी घ्यायला आलेल्या आजीला असं वाटता कामा नये की आधी डोळे मिटले तरच गोळी मिळेल.

मिरजेची_सिस्टर:
वाचक, अगदी बरोबर, मी याच्याशी शंभर टक्के सहमत आहे. आमच्या वॉर्डात पण विचारूनच प्रार्थना करायचो आणि नको म्हणालं कोणी तर उशी नीट करून पुढच्या बेडकडे जायचो.

कंपालाकर:
मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कंपालात आहे. एक गोष्ट टीमला नक्की सांगा, युगांडात दर दहा माणसांत आठांहून जास्त ख्रिस्ती आहेत, अँग्लिकन मिशनरी १८७७ मध्येच आले होते, त्यामुळे तुम्ही कुणाला पहिल्यांदा सुवार्ता सांगायला चालला नाही आहात. तेसो भागातल्या (सोरोटी त्यातच येतं) लोकांनी फार सोसलंय, ८०च्या दशकाच्या शेवटी गुरं लुटून नेली, मग २००३ मध्ये एलआरएवाले (लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचे बंडखोर) घुसले, घरं सोडून लोक छावण्यांत राहिले. रात्रभर प्रार्थनेला बसलेली म्हातारी माणसं बघाल तेव्हा कळेल कोण कुणाला शिकवतंय. आपल्याला तिथे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतात. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं, नंतर बरेच परत आले, दुकानं कारखाने पुन्हा उभे केले, त्यामुळे भारतीय म्हणजे मालक अशी बऱ्याच जणांची समजूत असते, तुम्ही जमिनीवर बसून जेवलात तर त्यांना फार बरं वाटतं.

आता प्रॅक्टिकल. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघायच्या किमान १० दिवस आधी. त्या लसीच्या कार्डाशिवाय एंटेबे विमानतळावर आत घेत नाहीत आणि भारतात परतताना कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, परत आल्यावरही कोर्स पूर्ण करा, आणि मच्छरदाणीत झोपा. टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन ५० डॉलरचा आहे, पण तो फिरण्यासाठी असतो, सेवेच्या कामाला कुठलं परमिट लागेल ते बोलावणाऱ्या मंडळीकडून लेखी घ्या. कंपाला ते सोरोटी अख्खा दिवस जातो. जेवणात 'अताप' मिळेल, नाचणी-ज्वारी-कसाव्याच्या पिठाची घट्ट उकड, आपल्या माणसाला लगेच आवडते, सोबत शेंगदाण्याचं कालवण. तिथल्या आतेसो भाषेत नमस्काराला 'योगा' म्हणतात आणि आभाराला 'एयालामा'.

नगरची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार, सिस्टर तुमचं उत्तर तर मी पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी रविवारी तिथल्या पाळकांना फोन लावला, मी शेजारीच होते. रंगकामाचं विचारलं तर ते आधी गप्प झाले आणि मग म्हणाले रंगारी आमच्या मंडळीतच आहे. तर रंगकाम रद्द, ते पैसे त्याच्या मजुरीला. त्यांना काय हवंय विचारलं तर म्हणाले हेल्थ टीमच्या बायकांना जुलाब झालेलं बाळ कसं ओळखायचं, ओआरएस कसं पाजायचं याची उजळणी हवीये, हेल्थ सेंटरची नर्स आतेसोमध्ये सांगेल. हे मला येतं, मी रोज हेच करते. टीम १४ ची ६ झाली, काही जण नाराज आहेत, आणि ते मलाही लागलंय. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली जा, पण दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर वाडीवर पण यायचं आणि तिथल्या बायकांना हेच शिकवायचं. हो म्हटलंय. नोंदणीचे कागद उद्या पाठवतेय, लसीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीये. कंपालाकर, 'एयालामा' मध्ये जोर कुठे द्यायचा, सुरुवातीला की 'ला' वर?