कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. आकाशाच्या कामात माझ्यासारख्याचा काही उपयोग?

भट्टीवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी. मी सत्तरीतला, वाळपईहून बरंच आत. काजूची बागायत आहे, आणि फेब्रुवारी सरत आला की मे संपेपर्यंत आमची फेणीची भट्टी चालते. दिवसा बोंडू गोळा करा, मळा, निरो (रस) आंबायला ठेवा, आणि ऊन उतरलं की भाण (उकळायचं भांडं) लावून जाळ घाला. लावणीत, म्हणजे खालच्या मडक्यात, थेंब पडायला लागले की हलता येत नाही. जाळ वाढला तर सगळं फुकट. म्हणजे अख्खा सीझन मी मध्यरात्रीपर्यंत उघड्यावर, आणि वर बघण्यापलीकडे दुसरं काम नाही.

नक्षत्रं बाबांनी दाखवली. बोटीवर कामाला असलेल्या मामेभावाने १० बाय ५० चा बायनॉक्युलर आणून दिला आणि वेड लागलं. मग हौशी खगोलवाल्यांच्या एका ग्रुपात शिरलो. तिथे सगळे फोटो टाकतात. मृगातला तेजोमेघ गुलाबी, देवयानी निळी, खाली किती तासांचं एक्सपोजर ते. चांगलंच आहे, मी बघत बसतो. एके रात्री मी लिहिलं, "आज आर्द्रा जरा मंद वाटते." उत्तर आलं, "फोटो आहे?" नाही म्हटलं. विषय संपला.

राग नाही. पण एकदा सरळ विचारतो. नुसत्या डोळ्याने आणि बायनॉक्युलरने बघितलेलं कुणाच्या काही कामाला येतं, की ती आपली आपल्यापुरती मजा? मजाच असेल तर तेही चालेल, तसं सांगा.

आणखी दोन गोष्टी. जाळाकडे बघून डोळे दिपतात, त्यावर काय करता? आणि गेल्या पावसानंतर बायनॉक्युलरच्या डाव्या बाजूला आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलंय. पुसून जात नाही.

रूपविकारी_फोंडा

अरे, "जरा मंद वाटते" हे वाक्य मला फार आवडलं. फक्त ते आकड्यात लिही, मग कामाचं होईल.

आर्द्रा रूपविकारी आहे, तिचं तेज कमीजास्त होतं. एरवी ती ०.५ प्रतीच्या आसपास असते (प्रत म्हणजे तेजाचा आकडा). २०१९ च्या शेवटी उतरायला लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत गेली. आकडा मोठा तितका तारा मंद, हे लक्षात ठेव. त्या काळात जगभरच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी बघून आकडे पाठवले, आणि ते ज्यांनी घेतले त्या संस्थेचं, म्हणजे आवसोचं (अमेरिकेतली रूपविकारी तारे बघणाऱ्यांची संघटना, १९११ पासूनची), कामच ते आहे. निरीक्षणं पाठवायला पैसे पडत नाहीत. नाव नोंदवलंस की तुला एक कोड मिळतो, झालं.

आकडा कसा काढायचा ते सांगतो. प्रश्वा ०.४ प्रतीचा. रोहिणी ०.९. पुनर्वसूतला पोलक्स १.१. आर्द्रा प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा ठळक दिसली, तर मनात दोघांमधल्या अंतराचे पाच भाग कर. प्रश्वाकडून दोन भाग खाली वाटली तर ०.६. बस. पण दोन ठिकाणी सांभाळ. एक, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघू नकोस. जितका वेळ बघशील तितका तो ठळक होत जातो. नजर टाकायची, काढायची, दुसऱ्यावर टाकायची. दोन, उंची. मार्चात ठीक आहे, पण एप्रिल अर्धा झाला की रोहिणी संध्याकाळी पश्चिमेला खाली उतरलेली असते, आणि आपल्या दमट हवेत खालचा तारा हमखास मंद दिसतो. मग तिच्या शेजारी आर्द्रा उगाच तेजस्वी वाटते. तेव्हा रोहिणी सोडून दे. त्या दिवसांत आर्द्राही खालीच असते आणि प्रश्वा-पोलक्स उंच, म्हणून आकड्यासोबत आर्द्रा किती खाली होती तेही लिही.

तुझा खरा तारा मात्र आर्द्रा नाही. आर लिओ, सिंह राशीतला रूपविकारी. मघेच्या पश्चिमेला पाचेक अंशांवर, म्हणजे तुझ्या बायनॉक्युलरमध्ये मघा एका काठाला ठेवलीस की हा दुसऱ्या काठाला येतो. तांबूस. साधारण ३१० दिवसांत एक फेरा: तेजात असताना नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या सीमेवर, मंद असताना बायनॉक्युलरलाही सापडत नाही. आणि गोव्यातून मघा जवळजवळ डोक्यावर येते, त्यामुळे दमट हवेची कटकट सगळ्यात कमी. मान मोडेल, चटई घालून आडवा हो.

चार्ट, म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या ताऱ्यांचा नकाशा, आवसोच्या साइटवर छापून मिळतो. त्यात ताऱ्यांशेजारी ६५ असं लिहिलेलं असतं, ते ६.५ आहे. टिंब मुद्दाम घालत नाहीत, नाहीतर टिंबालाच कुणी तारा समजेल.

आर लिओ दिसलाच नाही तर "दिसला नाही" एवढंच लिहू नकोस. चार्टवरचा सगळ्यात मंद कुठला तारा दिसला तो बघ, आणि "त्याच्यापेक्षा मंद" अशी नोंद कर. तीही पूर्ण नोंद असते. बरेच लोक हीच टाळतात आणि मग ताऱ्याचा तळ कुठे होता ते कळत नाही.

जाळाचं: आर्द्रेला डोळे सरावायची गरज नाही, ती तशीही दिसते. आर लिओला वीसेक मिनिटं जाळाकडे पाठ हवी. ते जमत नसेल तर एका डोळ्यावर काळा फडका बांधून ठेव आणि बघताना तोच डोळा उघड. लोक हसतील.

दर्या_काणकोण

बुरशी आहे ती. गोव्यात ज्याच्याकडे भिंग आहे त्याच्याकडे बुरशी आहे. स्वतः उघडू नका हां, आतले प्रिझम हलले की एकाचे दोन तारे दिसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात निळं सिलिका जेल घालून ठेवा. ते गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परतायचं, परत निळं होतं. कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीला गादी. थोडी बुरशी असली तरी तुमच्या आकड्यांना फरक पडू नये, कारण दोन्ही तारे त्याच काचेतून बघता ना.

माझं वेगळं दुःख. आमच्याकडे दक्षिणेचं आकाश आहे, मुंबई-पुण्याच्या लोकांना हेवा वाटावा असं. त्रिशंकू इथून चौदा-पंधरा अंश वर येतो. मेच्या शेवटी साडेनऊ-दहाला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बायनॉक्युलरने धुरकट गोळ्यासारखा चक्क दिसतो. पण समुद्रावर एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटी. २०१७ मध्ये बंदी आली, तरी काही रात्री क्षितिजावर पांढरी रांग लागलेली असतेच. अगस्त्य दिसतो, त्याच्या खालचं सगळं वाहून जातं.

मी त्याचीच नोंद करते. ग्लोब ॲट नाइट म्हणून एक उपक्रम आहे, चंद्र नसलेल्या रात्री ठरलेलं नक्षत्र बघायचं आणि त्यांच्या चित्रांतलं कुठलं आपल्या आकाशाशी जुळतं ते कळवायचं. उपकरण काही लागत नाही. तुमच्या सत्तरीतून कुणी पाठवत असेल असं वाटत नाही, आणि काळोख कुठे उरलाय ते कळायला काळोखातल्याच माणसाने सांगायला हवं.

गालजीबाग-आगोंदला यायचा विचार कराल तर: तिथे कासवं अंडी घालतात म्हणून किनाऱ्यावर दिवे नसतात, काळोख छान मिळतो. पण त्याच कारणाने टॉर्च घेऊन फिरायचं नाही. वनखात्याच्या माणसाला विचारून, म्हणेल तिथेच बसायचं.

साखळीचा_पोर

विरस करत नाही, पण खरं विचारतो. टेससारखे उपग्रह आहेत, रात्रभर आपोआप आकाश टिपणाऱ्या दुर्बिणी आहेत. डोळ्याने अंदाजे काढलेला आकडा २०० वर्षांपूर्वी ठीक होता. आज कोण विचारतो? दादांनी पैसे साठवून कॅमेरा घ्यावा.

रूपविकारी_फोंडा

विचारलंस ते बरं केलंस. टेस आकाशाचा एक तुकडा साधारण २७ दिवस बघतो आणि पुढच्या तुकड्याकडे वळतो. आर लिओचा फेरा ३१० दिवसांचा. आणि आपोआप चालणारी सर्वेक्षणं मंद ताऱ्यांसाठी बांधलेली असतात, ठळक तारा आला की कॅमेऱ्यात प्रकाश भरून वाहतो आणि मोजमाप वाया जातं. म्हणून ठळक तारे अजून आपल्या वाट्याला आहेत. शिवाय शंभर वर्षांचे आकडे डोळ्याचेच आहेत. ती मालिका त्याच पद्धतीने पुढे चालू राहिली तर जुन्या-नव्याची तुलना करता येते.

आताच्या बांगलादेशातल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र होते. कॉलेजचं शिक्षण नाही. रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांवर नोंदी केल्या. त्यांचं काम बघून आवसोने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली, तीच पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. ती मोठी दुर्बीण नंतर आली बाबा, नोंदी आधी होत्या.

आणि भट्टीवाल्याकडे जे आहे ते तुझ्यामाझ्याकडे नाही. रोज रात्री तोच माणूस, तीच जागा, तीच वेळ, तीन महिने. मी पेन्शनर असूनही दहाला झोपतो.

भट्टीवाला_सत्तरी

देव बरें करूं सगळ्यांचं. साखळीच्या पोरा, कॅमेऱ्याचे पैसे यंदा नव्या भाणात गेले.

काल बघितलं. आर्द्रा ०.६. प्रश्वा वर, पोलक्स खाली, रोहिणीला हात लावला नाही. आर लिओची जागा सापडली असं वाटतंय, मघेपासून सरकत गेलो तर दोन तारे जवळजवळ दिसतात आणि त्यांच्या शेजारी एक तांबूस. चार्ट छापून आणल्यावर खात्री करतो. फडका बांधलेला बघून बायकोने विचारलं, डोळ्याला ठिणगी लागली काय?

एक अडलंय. नोंदीत तारीख कुठली घालायची? मी रात्री साडेबाराला बघितलं, म्हणजे कालची की आजची?

रूपविकारी_फोंडा

ते दोघे १८ आणि १९ लिओनिस, म्हणजे जागा बरोबर आहे.

तारखेऐवजी ज्युलियन दिनांक (खगोलवाले वापरतात तो दिवसांचा सलग आकडा) घाल, साइट आपोआप काढून देते. तो ग्रिनिचच्या दुपारी १२ ला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. तू जाळ पेटवल्यापासून भाण उतरवेपर्यंतची सगळी रात्र एकाच दिनांकात बसते. वेळ मात्र ग्रिनिचची लिही, आपल्यातून साडेपाच तास वजा करून.

मध्यरात्री जागा असतोसच तर पूर्वेला उत्तर मुकुट या तारकासमूहावरही एक नजर टाकत जा. त्यातला टी नावाचा तारा एरवी दहाव्या प्रतीचा, तुझ्या बायनॉक्युलरला अवघडच. पण १८६६ आणि १९४६ मध्ये तो भडकून नुसत्या डोळ्यांना दिसला होता. मुकुटात एखादा तारा जास्तीचा वाटला तर फोटो नसला तरी चालेल, इथे लगेच लिही.